वीस खोटी वाक्यं वाचणाऱ्या बाई

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे मख्खबाई. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. बाईंना कशाचंच काही वाटत नाही, असं विभागाचं एकमत होतं. एरवी पंखा किती वेगानं ठेवावा यावरही तिथे एकमत होत नसे, तेव्हा हे विशेषच. ते साफ चुकीचं होतं, पण त्या चुकीवरच बाईंची नोकरी उभी असल्यामुळे त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

नोकरी अशी होती. विभागातल्या विद्वान मंडळींना सतत काहीतरी मोजायचं असे. कुणाला मुलांचा परीक्षेचा धसका मोजायचा असे, कुणाला झोप, कुणाला एकटेपणा. मोजायचं म्हणजे प्रश्नावली छापायची आणि वर्गावर्गांत जाऊन ती मुलांकडून भरून घ्यायची. ते भरून घेणं हे बाईंचं काम. यात मुख्य पथ्य एकच, की भरून घेणाऱ्यानं आपलं मत कळू द्यायचं नाही. तुमची भुवई वर गेली की मुलं उत्तर बदलतात, हसलात की बदलतात, नुसतं 'अरे वा' म्हणालात तरी बदलतात. मुलं फार मनकवडी असतात, विशेषतः जिथे गरज नसते तिथे.

या जागेसाठी मुलाखती झाल्या तेव्हा मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, प्रत्येक उमेदवाराला समोर बसवून आधी एक रडवणारी हकीकत सांगितली आणि मग एक जरा आगाऊ विनोद. बाकीच्या दोघी हकीकतीला गहिवरल्या आणि विनोदाला लाजल्या. बाई दोन्हींना 'बरं' म्हणाल्या. मध्येच टेबलाखालून एक झुरळ आलं आणि बाईंच्या बाहीवर चढलं. बाईंनी ते पेन्सिलीनं उडवलं आणि 'पुढे?' असं विचारलं. झुरळ हा मुलाखतीचा भाग नव्हता, पण बाईंना नोकरी त्यानंच दिली, असं मॅडम पुढे कितीतरी वर्षं सांगत.

आतून मात्र बाई चांगल्या तापट होत्या. फक्त तो ताप चेहऱ्यावर न येता हातांत उतरे, आणि घरी त्या टॉवेलांच्या घड्या घालत. त्यांचे मिस्टर लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. त्यांना सगळे काका म्हणत. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी बायकोचा चेहरा वाचायचा नाद सोडून दिला होता. ते टॉवेल वाचत. दोन घड्या म्हणजे सगळं ठीक. चार म्हणजे काहीतरी बिनसलंय. आठ घड्या दिसल्या की काका पायात चपला सरकवत आणि कुठल्यातरी लिफ्टची पाहणी करायला निघून जात.

गेली काही वर्षं बाई बहुतेक एकाच कामाला जुंपलेल्या होत्या. लैंगिक अत्याचाराबद्दल लोकांच्या डोक्यात जे गैरसमज घट्ट बसलेले असतात, ते विद्यापीठातल्या मुलामुलींना किती पटतात, हे मॅडमना मोजायचं होतं. एकदाच नाही, दरवर्षी. त्यासाठी त्यांनी वीस वाक्यं तयार केली होती, वीसच्या वीस खोटी. उदाहरणार्थ चौथं: 'चांगल्या घरातली मुलं असलं काही करत नाहीत.' सातवं: 'एका मर्यादेनंतर पुरुषाला स्वतःला आवरता येत नाही.' नववं: 'मुलगी स्वतःहून त्याच्या खोलीवर गेली, म्हणजे तिची तयारी होती.' बारावं: 'खरंच नको असेल तर मुलगी ओरडतेच.' प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत. मुलांनी एकात खूण करायची. नाव लिहायचं नाही.

पहिल्या वर्षी कागद नुसते वाटले, तर मुलांनी वाक्यं न वाचताच ते उरकले. एकानं खुणांचं सुबक फूल काढलं होतं. तेव्हापासून मॅडमनी ठरवलं की प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचलं जाईल, एका लयीत, एका आवाजात, आणि मग खूण. आवाज कुणीकडेही झुकता कामा नये. जरा तुच्छतेनं वाचलं की सगळे शहाण्यासारखे 'पटत नाही' म्हणणार. वाक्य मुलांपुढे नुसतं ठेवायचं, ढकलायचं नाही. आणि आवाज हलला तर तो अख्खा वर्ग हिशेबातून बाद.

हे काम बाईंशिवाय कोण करणार? बाई वर्गात शिरत, चष्मा पुसत आणि ठरलेली सूचना वाचत: 'यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. तुम्हाला जे मनापासून वाटतं, ते महत्त्वाचं.' मग क्रमांक एक. काकांनी हे एकदा ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाई तुझ्यापेक्षा हळवी आहे."

वीस वाक्यं झाली की बाई कागद गोळा करून पुढच्या वर्गाकडे निघत, आणि त्यानंतर मॅडम स्वतः येऊन खुलासा करत. खुलासा म्हणजे ही वाक्यं खोटी का आहेत ते एकेक करून सांगणं. त्याशिवाय मुलांना सोडायचं नाही असा नियमच होता. थोडक्यात, हजारो मुलांनी बाईंच्या तोंडून वीस खोटी वाक्यं ऐकली होती, आणि ती खोटी असल्याचं एकानंही बाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कामाची वाटणीच तशी होती.

बाईंची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहत होती. ती इतकी बोले की काकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव टकळी ठेवलं. बाई आणि काकांना मूल नव्हतं. घरात बोलणारं माणूस आलं याचा काकांना कोण आनंद झाला होता. बाईंनाही झाला होता, पण तो कळायला टॉवेल बघायला हवे होते.

टकळी पहिल्या वर्षाला असताना तिच्या वर्गावरही बाईंची पाळी आली. त्या दिवशी जेवताना टकळीनं मावशीची नक्कल केली. पाठ ताठ, चष्मा पुसून झाला, आणि मग तोच पाण्यासारखा आवाज: "क्रमांक सात. एका मर्यादेनंतर पुरुषाला स्वतःला आवरता येत नाही."

काका हसता हसता थांबले. "थांब. यात काय चूक आहे?"

"काका!"

"नाही, म्हणजे मी कुणाची बाजू घेत नाहीये. पण शरीर म्हटल्यावर..."

"काका, तुम्ही लिफ्टमध्ये अर्धवट काम असताना गिऱ्हाइकाचा फोन आला तर थांबता की नाही?"

"थांबतो. पण ते काम आहे."

"मग?"

दोघांची अशी जुंपली की ताटं वाळली. शेवटी काका बायकोकडे वळले. "तू सांग. तू तर रोज वाचतेस."

"मी वाचते," बाई म्हणाल्या. "मत देत नाही."

"अगं, घरात सुद्धा?"

"उद्या हिच्या दुसऱ्या तुकडीतल्या मैत्रिणींचा वर्ग आहे. इथून तिथे जाईल." आणि त्यांनी काकांना भात वाढला.

टकळीच्या वर्गात त्या दिवशी खुलासा असा झालाच नव्हता. मॅडम दुसऱ्या वर्गात अडकल्या, पुढच्या तासाचे सर दारात येऊन घसा खाकरू लागले, तेव्हा खुलाशाचा छापील कागद बाकांवर ठेवून भागवलं गेलं. टकळीनं त्याचं विमान केलं. चांगलं लांब गेलं, असं तिनंच हसत सांगितलं होतं.

ती तिसऱ्या वर्षाला आली तेव्हाची ही गोष्ट. दुपारची वेळ होती, काका कामावर होते, आणि बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॉवेल घेऊन बसल्या होत्या. टकळी आली आणि समोर बसली. बराच वेळ काही बोलली नाही, हेच मुळात नवल.

मग तिनं सांगितलं. प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार, तोच तो मुलगा जो दोनदा घरी जेवून गेला होता आणि ज्याला काकांनी लिफ्टच्या मोटारीचं रेखाचित्र काढून दिलं होतं. त्याच्या खोलीवर ती दोघं काम करत बसली होती. ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. त्यानंतर तिला बोलताच आलं नाही. तोंड उघडत होतं पण आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली, त्यानं 'तक्ते झाले का' विचारलं, आणि तिनं त्याला तक्ते दिले. दोन आठवडे झाले होते या गोष्टीला. दोन मैत्रिणींना तिनं सांगितलं होतं. दोघींनी तिला जवळ घेतलं आणि मग विचारलं, "पण तू त्याच्या खोलीवर गेलीस कशाला?"

या दोघी पहिल्या वर्षी टकळीच्याच वर्गात होत्या. नवव्या वाक्याला 'अजिबात पटत नाही' अशीच खूण बहुधा त्यांनी केली असणार. त्या वर्गाचे आकडे फार चांगले आले होते. वाक्य म्हणून ते कुणाला पटत नाही. प्रश्न म्हणून सगळ्यांना सुचतं.

बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो मुलगा डोळ्यांसमोर आला, आपण आग्रह करून त्याला दुसऱ्यांदा वाढलं होतं तेही आठवलं, आणि त्यांना असा संताप आला की हातातला टॉवेल आपोआप आठव्या घडीला गेला. पण टकळी टॉवेल बघत नव्हती. ती चेहरा बघत होती. आणि चेहऱ्याला इतक्या वर्षांची शिस्त होती. समोरचा अवघड काही सांगत असताना दचकायचं नाही, हळहळायचं नाही, नाहीतर तो मध्येच थांबतो. बाईंना वाटलं, पोरीला पूर्ण बोलू द्यावं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

टकळीनं आणखी थोडं सांगितलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का गं?"

आणि बाईंच्या जिभेवर जे वाक्य वर्षानुवर्षं बसून होतं, ते उठलं आणि बाहेर पडलं. त्यात माया होती, शंकाच नको. बाईंना तेव्हा त्याहून चांगलं काही सुचूच शकलं नसतं.

"यात बरोबर-चूक असं काही नाही," बाई म्हणाल्या. "तुला जे मनापासून वाटतं, ते महत्त्वाचं."

टकळी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. बाईंना वाटलं, निभावलं आपण. पोरगी मोकळी झाली, आपण मध्ये आलो नाही. आता ती जरा सावरली की तक्रारीचं बघू. असं समाधान माणसाला अशाच वेळी मिळतं.

त्या दिवसापासून टकळीनं बोलणं सोडलं. विचारलं तर हो, नाही, भूक नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की ती रविवारच्या गाडीनं घरी चाललीय. सुट्टीला नाही, कायमची. शिक्षण पुरे झालं. काकांनी कपाळाला हात लावला.

"शेवटचं वर्ष! काय झालं काय हिला? तू काही बोललीस का?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि तसं त्यांना खरोखरच वाटत होतं. झाला प्रकार त्यांनी काकांना सांगितला नव्हता. कुणी विश्वासानं सांगितलेलं बाई तिसऱ्याच्या कानावर घालत नसत. तेही नोकरीतच शिकलेलं.

काकांनी टॉवेलांच्या कपाटात डोकावून पाहिलं. सगळे आठ घड्यांचे. या वेळी मात्र ते चपला घालून निघून गेले नाहीत. ते खाली बसले.

"मला नको सांगूस काय आहे ते," ते म्हणाले. "पण एक सांगतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की नवी पोरं थेट मशीनकडे धावतात. मी त्यांना सांगतो, आधी दाराला तोंड लाव आणि ओरड, 'मी आलोय!' मशीन मागून. आतल्याला अंधारात काय कळतंय तुम्ही दुरुस्ती करताय की चहा पिताय?"

"लिफ्ट कुठे आलीय मध्ये?" बाई म्हणाल्या. त्यांना तेव्हा ते लागू पडलं नाही. काकांचं बोलणं नेहमी जरा उशिरा पोचे.

शुक्रवारी सकाळी बाईंना पहिल्या वर्षाचा एक वर्ग होता. बाई शिरल्या, चष्मा पुसला, मुलं गप्प झाली. "यात बरोबर किंवा चूक असं काही," बाईंनी वाचलं, आणि 'नाही' म्हणायच्या आधी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. वर्गातला नाही, स्वयंपाकघरातला. समोर टकळी बसली होती, माझं काही चुकलं का विचारत होती, आणि आपण तिला सूचना वाचून दाखवली होती.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं, तर बाई होत्या तशाच होत्या.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वीसच्या वीस वाक्यं वाचली. हे सांगायला बरं वाटत नाही, पण वाचली. बाराव्याला त्यांना आपल्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. मुलांनी खुणा केल्या. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली.

मॅडमचा खुलासा आटोपल्यावर बाई कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या.

"हा वर्ग बाद करा. माझा आवाज हलला."

"मी दारातच उभी होते," मॅडम म्हणाल्या. "मला काही जाणवलं नाही."

"मला जाणवलं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कितव्या वाक्याला?"

"सूचनेला."

सूचनेला आवाज हलल्याचं मॅडमनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, बरं नाहीये का?"

"मी बरी आहे. घरी जायचंय. माझ्याकडून एक चूक झालीय, घरी."

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. त्या मोजणाऱ्या होत्या, पण कधी मोजायचं नाही हे त्यांना कळत होतं. "जा," त्या म्हणाल्या. "आणि वर्ग मी बाद करते."

विभागाच्या जिन्यात एक मोठा आरसा होता. बाई त्याच्यासमोर थांबल्या. हा चेहरा घेऊन घरी गेलो तर पोरीला काय दिसणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कळवळा दाखवून पाहिला. मग माया. मग राग. खालून शिपाई चहा घेऊन वर येत होता, तो थांबला आणि म्हणाला, "बाई, दाढ दुखतेय का? लवंग देऊ?" बाईंनी चेहरा होता तिथे परत ठेवला आणि निघाल्या.

घरी टकळीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पलंगावर बॅग उघडी आणि कपडे भरायचं काम चालू. बाई दाराशी उभ्या राहिल्या आणि तिथे त्यांना काकांचं बोलणं अखेर पोचलं.

"मी आलेय," त्या म्हणाल्या.

"दिसतंय," टकळी म्हणाली. वर न बघता.

"त्या दिवशी मी तुला म्हणाले की यात बरोबर-चूक नाही. ते मी खोटं बोलले. म्हणजे बोलले नाही, वाचलं. सवयीनं. बरोबर-चूक आहे. त्याचं चूक आहे. सगळंच्या सगळं त्याचं. तुझं काही नाही."

टकळीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग ती एकदम फुटली.

"आता सांगतेस? तुला ठाऊक आहे का मावशी, रात्री पडलं की काय होतं? ती वाक्यं ऐकू येतात. ती ओरडली का नाही. ती गेली कशाला. आणि कुणाच्या आवाजात येतात ठाऊक आहे? तुझ्या! मैत्रिणी विचारतात तेव्हा निदान त्यांच्या आवाजात विचारतात. डोक्यात मात्र तू वाचत असतेस. क्रमांक नऊ. क्रमांक बारा. मला वाटलं, मावशीला सांगू, ती म्हणेल हे सगळं खोटं आहे. तर तू परत तशीच, तशाच आवाजात..."

बाईंना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येणार नाही, म्हणून सरळच सांगतो: त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपण नुसतं मोजतो. मोजपट्टीचाही व्रण उठतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्या पलंगावर बसल्या. बॅगेतून एक शर्ट काढून हातात घेतला, कारण हातांना काहीतरी लागत होतं. आणि मग त्यांना जे एकच येत होतं, ते त्यांनी सुरू केलं.

"क्रमांक एक," बाई म्हणाल्या, त्याच आवाजात. वाक्य म्हटलं. आणि त्याच आवाजात पुढे: "हे खोटं आहे."

टकळी बघत राहिली.

"क्रमांक दोन." वाक्य. "हे खोटं आहे."

चौथ्याला त्या म्हणाल्या, "खोटं आहे. चांगल्या घरातल्या मुलाला मी स्वतः दोनदा वाढलंय." सातवं, खोटं. आठवं, खोटं. नववं आलं.

"क्रमांक नऊ. मुलगी स्वतःहून त्याच्या खोलीवर गेली, म्हणजे तिची तयारी होती. हे खोटं आहे. तू तक्ते करायला गेली होतीस. तक्त्यांची तुझी तयारी होती. बस." बाईंनी श्वास घेतला. "क्रमांक बारा. खरंच नको असेल तर मुलगी ओरडतेच. हे खोटं आहे. भीतीनं माणसाचा आवाज जातो. तुझा गेला, तुझा, जी झोपेतसुद्धा बडबडते. तू नको म्हणालीस. एकदा पुरे होतं. तू दोनदा म्हणालीस."

इथे आवाज हलला. चांगलाच हलला. 'दोनदा' हा शब्द मधोमध मोडला, आणि पुढची वाक्यं बाईंना एकेक करून ओढत आणावी लागली. पण विसावं झाल्याशिवाय त्या थांबल्या नाहीत.

मग टकळीनं नाक पुसलं. "मावशी, तुझा चेहरा अजून तसाच आहे."

"तो तसाच राहणार. मी जिन्यात करून बघितलं. शिपाई लवंग देत होता."

टकळी हसली की रडली, ते सांगणं कठीण. ती मावशीच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकली आणि तेव्हा तिला मांडीवरचे शर्ट दिसले. बॅगेतले होते नव्हते तेवढे शर्ट बाईंनी घडी घालून साबणाच्या वडीएवढे करून ठेवले होते. टकळीनं एक हातात घेऊन पाहिला. काका टॉवेलांबद्दल नेहमी काय सांगत आलेत ते तिला बहुतेक आत्ता पटलं.

"इतका राग आलाय तुला?"

"त्या दिवशीपण आला होता," बाई म्हणाल्या. "तू वर बघत होतीस."

संध्याकाळी टकळीनं स्वतःच काकांना सांगितलं. काका ऐकत गेले तसे खुर्चीत खचत गेले. त्या मुलाला काढून दिलेल्या रेखाचित्राबद्दल ते काहीतरी पुटपुटले. मग बराच वेळ त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "ते सातवं. मी म्हणालो होतो, यात काय चूक आहे."

"हो," टकळी म्हणाली.

"ते माझं नाव घालून कुठे लिहिलं तर नाहीये ना?"

"नाही, काका."

"तरी खोडून टाका," काका म्हणाले, आणि डोळे पुसायला उठून गेले.

रविवारची गाडी टकळीशिवाय गेली. सोमवारी बाईंनी रजा टाकली आणि भाचीबरोबर विद्यापीठाच्या तक्रार समितीसमोर गेल्या. लांब टेबलामागे तीन माणसं, पाण्याचे झाकलेले पेले, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. नियम वाचून दाखवण्यात आला: सोबतच्या नातेवाइकांनी शेजारी बसावं, पण एक शब्दही बोलू नये. बाईंना या नियमाची काही अडचण वाटली नाही.

टकळी सांगू लागली. सुरुवात बरी झाली. मग समितीतल्या एका वयस्कर सदस्येनं, अगदी आईच्या मायेनं, लिहिता लिहिता विचारलं, "म्हणजे बेटा, त्याच्या खोलीवर तू स्वतःहून गेली होतीस, हो ना?"

टकळी थांबली. तिचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, त्या दिवशीसारखाच. तिनं मावशीकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. त्या समोरच्या बंद घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. मग टकळीनं नजर खाली आणली.

टेबलाच्या कडेखाली, कुणाला दिसणार नाही असे, बाईंचे दोन्ही हात मांडीवर उघडे होते. एका हाताची पाच बोटं सरळ, दुसऱ्याची चार. अंगठा मुडपलेला.

टकळीनं ती नऊ बोटं नीट पाहून घेतली. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हो, स्वतःहून गेले होते," ती समितीला म्हणाली, आणि आवाज खणखणीत आला. "तक्ते करायला. आता पुढचं सांगते, लिहून घ्या."